दारापुढे कोणते झाड लावावे?
मीरा-भाईंदरच्या गावांसाठी शोभेची लहान झाडे : निवड, लागवड आणि निगा



मृग तोंडावर आला की दारापुढे एखादे फुलाचे झाड असावे असे प्रत्येक घरात वाटू लागते. पर्यावरण दिन ५ जूनला येतो. त्यामागून वनमहोत्सव येतो. हा महोत्सव देशात १९५० साली सुरू झाला. या दिवसांत रोपे फुकट मिळतात. पोरे शाळेतून एक घेऊन येतात, आणखी एक पाहुण्यांकडून येते. रोप हातात आले, अंगणात मोकळी जागा दिसली, की खड्डा खणून मोकळे व्हायचे, असाच बहुतेकांचा प्रघात आहे.

आणि चूक होते ती इथेच. फुकट मिळणारी रोपे बहुधा माळरानाची, रस्त्याकडेची किंवा वनातली असतात. गुलमोहर, सोनमोहर, सातवीण, पर्जन्यवृक्ष ही झाडे वाईट आहेत असे मुळीच नाही. मोकळ्या जागी ती शोभतात. पण ओट्यापासून पाच फुटांवर लावली तर पंधरा-वीस वर्षांनी तीच घराच्या मुळावर उठतात. अशा तऱ्हेचे घर प्रत्येक गावात एक तरी सापडते. मुळ्यांनी ओट्याला तडा गेलेला, कौलांवर फांदी टेकलेली, आणि घरधनी दर पावसाळ्यात आभाळाकडे बघत बसलेला! झाड तोडावे तर जीव होत नाही आणि राखावे तर झोप लागत नाही.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. त्या दिवशी मुंबई, ठाणे, रायगडच्या किनारपट्टीत किती झाडे मोडून पडली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा यंदा रोप लावण्यापूर्वी थोडा विचार करू या. या पत्रकात सांगायचे ते एवढेच : रोप बघून झाड लावू नका, वीस वर्षांनंतरचे झाड डोळ्यांपुढे आणा आणि मग खड्डा खणा.

१. आधी आपले अंगण ओळखा

बंगल्यापुढची बाग वेगळी आणि शेतकऱ्याचे अंगण वेगळे. आपले अंगण कामाचे असते. दिवाळीनंतर भात वाळत पडते. उत्तन, पाली, चौक भागात बोंबलांच्या वलांडी उभ्या राहतात, जवळा-सुकट पसरली जाते. उन्हाळ्यात पापड, कुरडया, मिरच्या असतात. लग्नाचा मांडव तिथेच पडतो, आणि आता टेम्पो किंवा रिक्षाही तिथेच उभी राहते. वृंदावन असो वा क्रूस, त्याच्यापुढेही मोकळी जागा लागतेच.

म्हणून खड्डा खणण्याआधी घरातल्या मायबहिणींना विचारा : ऊन कुठे हवे आणि सावली कुठे चालेल? अंगणाचे अर्धे काम त्याच करतात. त्यांची वाळवणाची जागा झाडाने खाल्ली तर ते झाड घरात कुणालाच आवडायचे नाही.

मग एक सोपे काम करा. चार काठ्या घ्या. झाड लावायचे तिथे एक रोवा आणि तिच्याभोवती झाडाचा पुरता घेर जिथवर येईल तिथे बाकीच्या रोवा. आठ दिवस तशाच ठेवा. येता-जाता काठी आडवी आली, वाळवण अडले, गाडी वळेना, तर जागा चुकली असे समजावे. काठी उपटायला दोन क्षण लागतात. वाढलेले झाड असे हलवता येत नाही.

२. आपल्या गावाची हवा आणि माती

मीरा-भाईंदर नाव एक असले तरी इथली जमीन एका जातीची नाही. ढोबळ मानाने तीन पट्टे पडतात.

पहिला पट्टा, समुद्रकाठ : धारावी बेटावरची उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावे. इथे पश्चिमेचा खारा वारा थेट घरावर येतो. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे तुषार कोवळ्या पानांवर बसतात आणि पानाच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. इथे जाड, तुकतुकीत पानांची किंवा चिवट फांद्यांचीच झाडे टिकतात.

दुसरा पट्टा, खाडी आणि मिठागरांचा काठ : राई, मुर्धा, मोरवा आणि भाईंदरचा खाडीकडचा भाग. इथे वाऱ्यापेक्षा जमिनीतला खार जास्त त्रास देतो. पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात जमिनीखालचे खारे पाणी वर ओढले जाऊन मातीवर पांढरी पापुद्री धरते. चैत्र-वैशाखात अंगणात अशी पांढरी झाक दिसली, की नाजूक झाडांचा नाद सोडावा.

तिसरा पट्टा, डोंगराची कूस : काशी, चेणे, वर्सावे, घोडबंदर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराचा आडोसा इथे मिळतो. माती मुरमाड असली तरी गोडी आहे, पाण्याचा निचरा होतो. इथे निवडीला सर्वांत जास्त वाव आहे.

शंका असेल तर उन्हाळ्यात मातीचा नमुना तपासून घ्यावा. जमिनीची क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती खारवट समजतात. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले आपले कोकण कृषी विद्यापीठ आहे, शिवाय कृषी खात्याच्या माती तपासणी प्रयोगशाळा आहेत. भातासाठी नमुना देताना अंगणातल्या मातीचीही एक पिशवी वेगळी नाव घालून द्यावी.

३. लावण्याजोगी झाडे

पांढरा चाफा (देवचाफा, खुरचाफा) : मूळचा अमेरिका खंडातला, पण आपल्याकडे देवळापुढे आणि चर्चच्या आवारात असा रुजला की परका वाटत नाही. उंची १२ ते २० फूट. खारा वारा सोसतो, पाणी कमी लागते, गुरे सहसा तोंड लावत नाहीत. एका जातीची पाने हिवाळ्यात गळतात. शेतकऱ्याच्या अंगणाला ही गोष्ट सोयीची आहे, कारण भात वाळत घालायच्या दिवसांत ऊन मोकळे मिळते आणि वैशाखात पुन्हा सावली होते. मात्र पाय पाण्यात राहिला की मूळ कुजते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

पारोसा भेंडी (भेंड) : खाडीकाठचे आपले जुने झाड. मोठी पिवळी फुले संध्याकाळपर्यंत लालसर होतात. खारा वारा, खारी जमीन, दोन्ही सोसते. उंची २० ते ३० फूट जाते, म्हणून घराला लागून न लावता कुंपणाच्या कोपऱ्यात लावावी. दुसऱ्या पट्ट्यातल्या मंडळींनी हिचा विचार पहिल्यांदा करावा.

बकुळ : सदाहरित, दाट सावली, वारा सोसणारी. फूल सुकले तरी वास जात नाही. वाढ अगदी सावकाश होते, तेव्हा फुलांची घाई असेल त्याने लावू नये. पण सावकाश वाढते म्हणूनच लाकूड मजबूत असते आणि वादळात सहसा दगा देत नाही. कालांतराने ३० फुटांवर जाते, म्हणून घरापासून १५ फूट तरी सोडावे.

पारिजातक : उंची १० ते १५ फूट. श्रावणापासून दिवाळीपर्यंत पहाटे सडा पडतो. मुळे घराला त्रास देत नाहीत. पाणी साचणारी जमीन आणि थेट खारा वारा याला मानवत नाही. समुद्रकाठच्या गावांत घराच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला लावला तर येतो. सडा पडतो तिथे मोरी किंवा गटार नसावे, म्हणजे फुले वेचता येतात.

कांचन : उंची २० ते २५ फूट. गुलाबी-जांभळी फुले, एक जात दिवाळीच्या आगेमागे फुलते, दुसरी माघ-फाल्गुनात. दसऱ्याला लोक आपटा समजून कांचनाच्या फांद्या ओरबाडतात, ते आधीच सांगून ठेवतो! आपटाही लहान झाडच आहे. पान जाड, लहान आणि खरखरीत असते. तिसऱ्या पट्ट्यात दोन्ही उत्तम येतात.

सोनचाफा, कलमी : बियांपासून वाढवलेला सोनचाफा मोठा वृक्ष होतो, आणि फुलासाठी वर्षानुवर्षे वाट बघावी लागते. कलम लावले तर दोन-तीन वर्षांत फूल दिसते, आणि दरसाल शेंडा खुडत गेले तर ८ ते १० फुटांत ठेवता येते. खाडीपलीकडच्या वसई तालुक्यातले आपले बांधव सोनचाफ्याची शेतीच करतात आणि फुले दादरच्या बाजारात पाठवतात. दारची दोन कलमे शोभेला शोभा देतील आणि चार पैसेही मिळवून देतील. मात्र गोडे पाणी आणि निचऱ्याची माती हवीच.

तगर, कुंती, अनंत : ही तिन्ही झाडे झुडपातली, ६ ते १२ फुटांची, पांढऱ्या फुलांची. विजेच्या तारेखाली किंवा खिडकीसमोर लावायला तगर व कुंती चांगली. कुंती ही लिंबाच्या कुळातली. तिच्यावर लिंबावरची सायला कीड राहते, म्हणून लिंबाच्या बागेजवळ लावू नये. अनंताला खार अजिबात चालत नाही, पाने पिवळी पडतात. तो डोंगराकडच्या गावांनीच लावावा.

संकासुर : घाई असलेल्यांसाठी. बी टाकले की दुसऱ्या वर्षी लाल-पिवळे तुरे येतात. उंची ८ ते १० फूट. ऊन भरपूर हवे. शेंगा पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

ताम्हण आणि बहावा : ताम्हणाचे फूल हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल. बहाव्याचे पिवळे घोस तर सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ही दोन्ही झाडे ३० ते ४० फूट जातात, म्हणजे लहान नव्हेत. अंगण ऐसपैस असेल आणि घरापासून २० फूट सोडता येत असतील तरच लावावीत, नाहीतर शेताच्या बांधावर लावावीत. ताम्हण ओढ्याकाठचे झाड आहे, पाणथळ जागा त्याला चालते, पण ते पाणी गोडे असले पाहिजे.

४. दारापुढे लावू नयेत अशी झाडे

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याच्या मुळ्या खोल न जाता वरच्यावर पसरतात, लाकूड ठिसूळ, आणि छत्री ४० फुटांची. वारा भरला की फांदी तडकते. सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, सातवीण यांना तर अंगणच पुरत नाही. वड, पिंपळ, उंबर यांच्या मुळ्या भिंतीत, विहिरीच्या बांधकामात, संडासाच्या टाकीत शिरतात. त्यांची जागा गावदेवीच्या पाराजवळ आणि गावाच्या वेशीवर आहे.

नारळ हे आपले कल्पवृक्ष खरे. पण पायवाटेवर, ओट्यावर किंवा पोरे खेळतात तिथे त्याची सावली पडेल असा लावू नये. पडणारा नारळ किंवा झावळी माणूस बघून पडत नाही. बाजूच्या वाडीत लावावा.

५. कण्हेर आणि बिट्टी : सावध राहा

खाऱ्या हवेत टिकणारी, बारमाही फुलणारी, निगा न मागणारी म्हणून कण्हेर व बिट्टी (पिवळी कण्हेर) सर्रास लावतात. झाडे म्हणून दोन्ही चांगली. पण या दोहोंचे पान, फूल, साल, बी, सगळेच विषारी आहे आणि ते विष हृदयावर परिणाम करते. बिट्टीची फळे घेऊन पोरे खेळतात, हे फार धोक्याचे आहे.

म्हणून हे नियम कटाक्षाने पाळावेत :

१) घरात रांगते-चालते मूल असेल तर ही झाडे दारापुढे नकोत.
२) गोठ्याजवळ, शेळ्या बांधतात तिथे किंवा गुरांच्या वाटेवर नकोत. छाटलेल्या फांद्या सुकल्या तरी विष राहते. त्या वैरणीत मिसळू नयेत.
३) सुकी लाकडे चुलीत घालू नयेत; काडी भाजण्याला किंवा ढवळण्याला वापरू नये.
४) माणसाने किंवा मुलाने काही खाल्ल्याची शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नये. झाडाचे पान किंवा फळ सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवावे.

६. किती अंतर सोडावे?

१) १० फुटांपर्यंत वाढणारे झाड (तगर, कुंती, संकासुर) : भिंतीपासून किमान ५ फूट.
२) १० ते २० फूट वाढणारे (चाफा, पारिजातक) : भिंतीपासून ८ ते १० फूट.
३) २० ते ३० फूट वाढणारे (कांचन, भेंडी, बकुळ) : भिंतीपासून १५ फूट.
४) त्याहून मोठे (ताम्हण, बहावा) : २० फूट, एवढी जागा नसेल तर अंगणात नको.
५) विहीर, पाण्याची टाकी व संडासाची टाकी यांपासून कोणतेही झाड १५ फूट दूर.
६) विजेच्या तारेखाली १० फुटांहून उंच जाणारे झाड नको.

दिशेचाही विचार करावा. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि दुपारचे ऊनही तिकडूनच. म्हणून दाट झाड पश्चिमेच्या अंगाला आणि विरळ झाड पूर्वेच्या अंगाला ठेवावे. सकाळचे ऊन दारात यावे आणि दुपारची झळ अडावी.

आणखी एक. आजकाल अंगणात फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवण्याची चाल पडली आहे. बुंध्याभोवती किमान तीन फूट लांब-रुंद जागा मातीची उघडी ठेवा. बुंध्याला सिमेंटने आवळले की मुळाला पाणी मिळत नाही, मूळ कमकुवत होते आणि झाड वाऱ्याला टिकत नाही.

७. लागवड कशी करावी?

रोपाची निवड : उंच, काटकुळे रोप बघून भुलू नये. बुटके, जाड बुंध्याचे, तजेलदार पानांचे रोप घ्यावे. पिशवीच्या तळातून मुळी बाहेर येऊन गुंडाळलेली असेल तर ते रोप जुने झाले असे समजावे. कलम असेल तर सांधा पक्का जुळला आहे ना हे बघावे. सांध्याखालून फूट आली असेल तर ती काढावी.

खड्डा : वैशाखात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. भरताना वरच्या थरातली माती, दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड एकत्र करून भरावी.

खाडीकाठच्या गावांसाठी : इथे खड्डा खोल करण्यात फायदा नाही, उलट खारे पाणी लागते. त्याऐवजी जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंच, चार फूट रुंद मातीचा उंचवटा करावा. माती बाहेरून, गोड्या शेतातून आणलेली असावी. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालावी. पावसाळ्याच्या आरंभीच लावले म्हणजे चार महिन्यांच्या पावसाने खार धुऊन खाली जातो आणि उन्हाळा येईतो मूळ सावरते.

वेळ : आपल्याला मृगात राब पेरायचा आणि नंतर लावणीची घाई. तेव्हा मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, पण आवण काढायला अजून अवकाश आहे, असे आर्द्रा नक्षत्रातले आठ-दहा दिवस झाड लावायला धरावेत. लावणी सुरू झाली की दारच्या रोपाकडे बघायला कुणाला सवड नसते.

लावणे : पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी, मातीची हुंडी फुटू देऊ नये. पिशवीत रोप जितके मातीत होते तितकेच ठेवावे. कलमाचा सांधा मातीच्या वर चांगला वीतभर राहावा. दोन्ही बाजूंना बांबूच्या काठ्या रोवून सुतळीने सैल बांधावे. घट्ट बांधले तर सुतळी सालीत रुतते.

चाफ्याची फांदी लावायची असेल तर : दीड फुटाची पक्की फांदी उन्हाळ्याच्या अखेरीस कापून आठ दिवस सावलीत ठेवावी. चीक सुकून तोंड बंद झाले की मग रेताड मातीत लावावी. ओली फांदी तशीच खोचली तर पावसात कुजते.

८. पहिल्या तीन वर्षांची निगा

पावसाळा संपला की खरी परीक्षा सुरू होते. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड एक बादली गोडे पाणी द्यावे. आळ्यात भाताचा पेंढा किंवा तूस पसरावे, ओल टिकते आणि खारही वर कमी येतो. हा पेंढा बुंध्याला चिकटू देऊ नये, वाळवी लागते.

उत्तन-पालीकडच्या भगिनींना विनंती : मासळी धुतलेले खारे पाणी झाडाच्या आळ्यात ओतू नका. मासळीचे खत चांगले असले तरी ताजे घालू नका. ते आधी मातीत आणि पाल्यात नीट कुजवून मगच मूठभर वापरा. समुद्रकाठी वाऱ्याचा जोर झाला आणि पाऊस नसेल, तर संध्याकाळी गोड्या पाण्याने पाने धुवावीत. पहिल्या वर्षी रोपाच्या पश्चिमेला झावळीचा किंवा गोणपाटाचा आडोसा करावा.

तगरीवर किंवा कण्हेरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी पडून पाने फस्त करते. ती वेचून काढावी, औषधाची गरज नाही. चाफ्याच्या पानामागे पावसाळ्यात नारिंगी पूड दिसते, तो तांबेरा. अशी पाने गोळा करून जाळावीत. जास्वंदीवर व इतर झुडपांवर कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले तर पाण्याचा जोरदार फवारा मारून पाडावेत, मग निंबोळी अर्क फवारावा.

आकार लहानपणीच द्यावा. जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंतच्या बाजूच्या फांद्या हळूहळू काढाव्यात, म्हणजे खालून माणूस जातो. एकमेकींवर घासणाऱ्या आणि एकाच जागेतून फुटलेल्या दोन फांद्यांपैकी एक काढावी. वादळात फाटतात त्या अशाच जोडफांद्या.

९. कायदा ध्यानात ठेवा

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. शेती आपली, गावठाण आपले, तरी आपण आता नागरी क्षेत्रात मोडतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आपल्या अंगणालाही लागू आहे. झाड आपण लावलेले असो, जागा आपल्या नावावर असो, परवानगीवाचून ते तोडणे हा गुन्हा आहे. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण मिळाले आहे.

हा कायदा झाडांच्या भल्याचा आहे, त्याबद्दल कुरकुर नको. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. चुकीचे झाड लावले तर ‘पुढे बघू, नाहीतर तोडू’ असे म्हणायची सोय राहिलेली नाही. मोठी छाटणी करायची असली तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारावे. झाड घराकडे कलले, बुंध्याला मोठी चीर गेली, तर पावसाळ्याची वाट न बघता लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

१०. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रश्न : ओट्याजवळ आधीच मोठा गुलमोहर आहे. काय करावे?*
उत्तर : घाबरून तोडायला धावू नये. पावसाळ्याआधी उद्यान विभागाकडून पाहणी करून घ्यावी. वाळक्या आणि छपरावर आलेल्या फांद्या परवानगीने उतरवाव्यात. ओटा उचलला म्हणून जाड मुळ्या तोडू नयेत. एका अंगाच्या मुळ्या तोडल्या की झाड दुसऱ्या अंगाला कलंडते.

*प्रश्न : अंगण अवघे दहा फुटांचे आहे. झाड लावूच नये काय?*
उत्तर : जरूर लावावे. तगर किंवा कुंती एका कोपऱ्यात लावा, किंवा मोठ्या कुंडीत चाफा लावा. एकच लावा पण नीट वाढवा. दहा फुटांत पाच रोपे कोंबली तर एकही धड वाढत नाही.

*प्रश्न : शाळेतून पोराने आणलेले रोप मोठ्या वृक्षाचे आहे. टाकून देऊ?*
उत्तर : मुळीच नाही. शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या, देवळाच्या, चर्चच्या मोकळ्या आवारात विचारून लावा, आणि दोन उन्हाळे पाणी घालायचे काम त्या पोरालाच द्या.

*प्रश्न : झाड लावून चार वर्षे झाली, फूल नाही. कारण काय?*
उत्तर : बहुतेक वेळा सावली हे कारण असते. फुलझाडाला पाच-सहा तास थेट ऊन हवे. दुसरे कारण म्हणजे खताचा मारा. पाने गर्द हिरवी आणि फूल नाही, असे असेल तर युरिया बंद करावा. बकुळीच्या बाबतीत मात्र धीर धरावा, तिचा स्वभावच तसा आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• समुद्रकाठी : पांढरा चाफा, भेंडी, बकुळ, आडोशाला पारिजातक.
• खाडीकाठी : भेंडी; उंचवट्यावर चाफा, तगर.
• डोंगराकडे : पारिजातक, कांचन, आपटा, कलमी सोनचाफा, अनंत.
• कण्हेर-बिट्टी मुलांपासून आणि गुरांपासून लांब.
• खड्डा वैशाखात, रोप आर्द्रात, आडोसा पहिले वर्षभर, पाणी पहिली तीन वर्षे.
• बुंध्याभोवती तीन फूट माती उघडी.
• तोडण्याआधी परवानगी. त्याहून बरे म्हणजे लावण्याआधी विचार.

बंधूंनो, भगिनींनो, भाताचे बी चुकले तर एक हंगाम जातो, पुढच्या मृगात चूक सुधारता येते. दारचे झाड चुकले तर ती चूक मुलांच्या वाट्याला जाते. आणि झाड बरोबर निवडले तर त्याची सावली आणि फुलेही त्यांच्याच वाट्याला येतात. तेव्हा यंदा वाटेल तेवढी रोपे आणू नका. एकच आणा, चार काठ्या रोवून जागा बघा, घरच्यांना विचारा आणि मग लावा.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्यावे. नमस्कार.